‘सोड ना त्याला!’ म्हणण्याआधी…

मैत्रीण एक दिवस सांगते, तो हात उचलतो. किंवा, घरी बाबा आईला मारतात. त्या क्षणी तुम्ही काय बोलता, यावर बरंच काही ठरतं. मी चुकीचं बोलले होते. तुम्ही बोलू नये म्हणून हे सगळं.

सेकंड इयरची गोष्ट. इंटर्नल्स चालू होत्या. होस्टेलवर रात्री साडेअकरा वाजता आम्ही दोघी आपापल्या पलंगावर नोट्स घेऊन पडलो होतो. मधेच रूममेटनं काही न बोलता कुर्तीची बाही वर सरकवली. मनगटाच्या वर चार बोटांचे वळ. निळे पडलेले.

‘‘काल जरा भांडण झालं,’’ ती म्हणाली.

तिचा बॉयफ्रेंड कोण, हे मला माहीत होतं. चोवीस तास तिचं लाइव्ह लोकेशन त्याच्याकडे असायचं, हेही माहीत होतं. मेसच्या लाइनीत उभी असताना तो व्हिडीओ कॉल करायचा आणि शेजारी कोण आहे ते दाखवायला लावायचा. तिच्या इन्स्टाचा पासवर्ड त्याच्याकडे होता. आम्ही सगळ्या त्यावरून तिला चिडवायचो. ‘किती काळजी करतो गं तुझी!’ वगैरे.

तर त्या रात्री मी ताडकन उठून बसले आणि म्हणाले, ‘‘मग सोड ना त्याला! तुझ्यासारखी मुलगी असलं सहन कसं करते?’’ आणि पुढं अर्धा तास भाषण. नुकतंच कॉलेजात ‘महिला आणि कायदा’वर प्रेझेंटेशन केलं होतं, त्यामुळे मुद्दे तयारच होते. माझ्या मते मी जबरदस्त बोलले.

तिनं ऐकून घेतलं. बाही खाली ओढली. म्हणाली, ‘‘जाऊ दे, झोपू या. उद्या पेपर आहे.’’

त्यानंतर सात महिने तिनं मला एक शब्द सांगितला नाही. एकाच खोलीत राहत होतो आम्ही.

त्या सात महिन्यांत काय काय झालं, ते मला यंदा कळलं. या पानासाठी काही लिहायचं ठरलं तेव्हा तिलाच फोन केला. ती आता ठीक आहे. नोकरी करते. हे लिहू का, असं विचारलं तर म्हणाली, ‘‘लिही, पण माझी दर्दभरी कहाणी लिहू नकोस. तू काय चुकलीस ते लिही. ते जास्त कामाचं आहे.’’

म्हणून हे तेच.

ती सांगत का नाही?

आधी थोडे आकडे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, म्हणजे एनएफएचएस, हा आपल्या देशातला घराघरांत जाऊन केला जाणारा मोठा सरकारी सर्व्हे. त्याची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. कधीतरी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांना त्यात विचारलं होतं, की हे थांबावं म्हणून तुम्ही कुणाकडे मदत मागितली का? ‘हो’ म्हणणाऱ्या होत्या फक्त १४ टक्के. ७७ टक्के बायकांनी मदतही मागितली नव्हती आणि कुणाला सांगितलंही नव्हतं. आईला नाही, बहिणीला नाही, मैत्रिणीलाही नाही.

आणि ज्यांनी मदत मागितली, त्या सगळ्यांत जास्त कुणाकडे गेल्या? पोलिसांकडे नाही. बहुतेक जणी स्वतःच्या माहेरच्यांकडे गेल्या. मग सासरचे, मैत्रिणी, शेजारी. पोलीस, वकील, डॉक्टर हे सगळे यादीत खूप खाली.

याचा अर्थ नीट बघा. एखादी मुलगी पहिल्यांदा तोंड उघडते ते बहुतेक वेळा तुमच्या-माझ्यासारख्या कुणासमोर. कसलंही ट्रेनिंग नसलेल्या, उद्या पेपर असलेल्या माणसासमोर. तिथं तिला जे उत्तर मिळतं, त्यावरून ती ठरवते की पुढं कुणाला सांगायचं की नाही. माझं उत्तर ऐकून तिनं ठरवलं, नाही सांगायचं.

त्याच सर्व्हेत आणखी एक प्रश्न होता. स्वयंपाक नीट केला नाही, न विचारता बाहेर गेली, उलट बोलली, अशी सात कारणं दिली होती. यातल्या एखाद्या कारणासाठी नवऱ्यानं बायकोला मारणं बरोबर आहे का? ४५ टक्के बायका आणि ४४ टक्के पुरुष, किमान एका कारणासाठी, ‘हो’ म्हणाले. म्हणजे जिला मार बसतो, तिच्या आजूबाजूला जवळपास निम्मी माणसं ‘तसंच काहीतरी केलं असेल हिनं’ असं म्हणणारी. मग ती बोलताना शंभर वेळा विचार करणारच.

‘सोडत का नाही’ या प्रश्नाची उत्तरं तर अजून वेगळी. माझ्या रूममेटनं मला फोनवर तिची यादी सांगितली. त्याच्याकडे तिचे फोटो होते. घरी कळलं असतं तर शिक्षण बंद करून गावी नेलं असतं. तो मारल्यानंतर दोन दिवस रडायचा, माफी मागायचा आणि ते दोन दिवस खरंच छान असायचे. आणि शेवटचं कारण, ‘‘तू म्हणालीस ना, तुझ्यासारखी मुलगी असं कसं सहन करते, तेव्हा मला वाटलं की आता तर मी मूर्खपण ठरले.’’

सोडणं हा एक क्षण नसतो. आणि सोडून जाताना किंवा गेल्या गेल्याच धोका वाढू शकतो, कारण समोरच्याचा कंट्रोल सुटत असतो. त्यामुळे ‘आत्ताच्या आत्ता ब्रेकअप कर, मी फोन लावते त्याला’ हा हिरोगिरीचा सल्ला तिच्या अंगाशी येऊ शकतो.

मारलं तरच हिंसा?

२००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण कायदा आपण ‘डीव्ही अॅक्ट’ म्हणून परीक्षेपुरता वाचतो. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्यात हिंसेचे चार प्रकार सांगितलेत. शारीरिक. लैंगिक. शाब्दिक आणि भावनिक, म्हणजे सतत अपमान, टोमणे, जवळच्या माणसाला इजा करण्याच्या धमक्या. आणि चौथा आर्थिक. घरखर्चाला पैसे न देणं, तिचे दागिने परस्पर विकणं, तिच्या हक्काच्या गोष्टी तिला वापरू न देणं, हेही हिंसेतच येतं.

दुसरी गोष्ट. हा कायदा फक्त लग्न झालेल्या बायकांसाठी आहे असं मला वाटायचं. तसं नाहीये. एका घरात नात्यानं राहणारी कुठलीही स्त्री त्यात येते. आई, बहीण, विधवा वहिनी, लिव्ह-इनमध्ये लग्नासारख्या नात्यानं राहणारी जोडीदार आणि मुलगीसुद्धा. म्हणजे मोबाइल सापडला म्हणून बाप किंवा भाऊ पट्ट्यानं मारतो, कॉलेज बंद करून कोंडून ठेवतो, तर तीही या कायद्याखाली दाद मागू शकते. आधी तक्रार ‘प्रौढ पुरुषा’विरुद्धच करता येईल असे शब्द व्याख्येत होते. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टानं हिरल हरसोरा प्रकरणात ते काढून टाकले. त्यामुळे सासू, नणंद यांच्याविरुद्धही थेट अर्ज करता येतो.

या कायद्यात कोर्टाकडून काय मिळतं? त्यानं हिंसा करू नये, तिच्या कॉलेजात, ऑफिसात येऊ नये, तिला फोन-मेसेज करू नये असा संरक्षण आदेश. घरातून बाहेर न काढण्याचा आदेश. खर्चासाठी पैसे, नुकसानभरपाई, मुलांचा तात्पुरता ताबा. अर्जाची पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागावी आणि अर्ज ६० दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात कोर्टात तारखा लांबतात, हे तुम्हीही ऐकलं असेल. पण तातडीची गरज असेल तर समोरच्याचं म्हणणं ऐकण्याआधीही अंतरिम आदेश देता येतो. आणि संरक्षण आदेश मोडला तर तो गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

‘घर सासऱ्यांच्या नावावर आहे, तुझा काय संबंध?’ हा डायलॉगही घरोघरी चालतो. २०२० मध्ये सतीश आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की जिथं ती संसार करत होती ते घर सासरच्या नातेवाइकाच्या मालकीचं असलं, तरी ‘सामायिक घर’ ठरू शकतं.

बॉयफ्रेंड असेल आणि दोघं कधी एका घरात राहिलेच नसतील, तर डीव्ही अॅक्ट सहसा लागत नाही. पण म्हणजे काहीच नाही असंही नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ७८ पाठलागाचं आहे. नको म्हटल्यावरही मागं मागं येणं तर त्यात आहेच, पण तिच्या इंटरनेट, ईमेल किंवा मेसेजवर नजर ठेवणंही त्यात आहे. मारहाण, धमकी, चोरून फोटो काढणं आणि पसरवणं, या प्रत्येकाची वेगळी कलमं आहेत. (जुनं, सगळ्यांना माहीत असलेलं ४९८-अ आता संहितेत कलम ८५ आणि ८६ मध्ये आहे. ते नवरा आणि त्याच्या नातेवाइकांपुरतं.)

आणि हो, ज्युनिअर कॉलेजवाल्यांनी हे लक्षात ठेवा. ती १८ वर्षांखालची असेल आणि प्रकार लैंगिक अत्याचाराचा असेल, तर पॉक्सो कायदा लागतो. तिथं माहिती असणाऱ्यानं कळवणं बंधनकारक आहे. तेव्हा ‘मी कुणालाही सांगणार नाही’ अशी शपथ आधीच घेऊ नका. तिला खरं सांगा, की यात आपल्याला मोठ्या माणसाची मदत लागेल. १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला दोघी मिळून फोन करू शकता.

मग बोलायचं काय?

हा भाग माझ्या रूममेटनं जवळजवळ डिक्टेट केलाय.

पहिलं वाक्य, ‘‘सांगितलंस ते बरं केलंस.’’ दुसरं, ‘‘यात तुझी चूक नाही.’’ तिसरं वाक्य नको. गप्प बसा. तिला जेवढं सांगायचंय तेवढं सांगू द्या.

‘‘नेमकं काय झालं होतं आधी?’’ असं विचारू नका. तुम्हाला ते उत्सुकतेपोटी वाटतं, तिला चौकशी वाटते. त्याऐवजी विचारा, ‘‘आत्ता तू सेफ आहेस का?’’ आणि ‘‘तुला काय हवंय माझ्याकडून?’’ उत्तर ‘‘काही नको, फक्त ऐक’’ असंही असू शकतं. मग फक्त ऐका.

‘‘मी असते तर दोन कानाखाली दिल्या असत्या,’’ हे वाक्य तर अजिबात नको. तुम्ही नव्हता तिथं.

त्याला शिव्या घालण्याचीही घाई नको. उद्या ती परत त्याच्याकडे गेली, आणि जाऊ शकते, तर तुमच्या शिव्या आठवून ती तुमच्याशी बोलायची थांबेल. ‘‘तो वाईट आहे’’ म्हणण्यापेक्षा ‘‘त्यानं जे केलं ते चूक आहे’’ म्हणा. फरक छोटा वाटतो, पण परतीचा रस्ता उघडा राहतो.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं. निर्णय तिचा. इतके दिवस दुसराच कुणीतरी तिचं सगळं ठरवत होता. काय घालायचं, कुणाशी बोलायचं, किती वाजता रूमवर यायचं. आता तुम्हीही ठरवायला लागलात, तर फक्त मालक बदलला.

‘पण ती खोटं बोलत असेल तर?’ हा प्रश्न कॉलेजच्या कट्ट्यावर हमखास येतो. खरं-खोटं ठरवायला कोर्ट आहे, पोलीस तपास आहे. मित्रमैत्रिणीचं काम न्यायाधीशाचं नाही. बाही वर केलेल्या मुलीला आधी पुरावा मागायचा नसतो.

फोन, फाइल आणि एक कोडवर्ड

बोलणं झालं. आता थोडं काम. हे तिला विचारून, तिच्या सोयीनं करायचं.

तिचा फोन तो बघतो का, हे आधी विचारा. बघत असेल तर हेल्पलाइनचे नंबर, कायद्याच्या लिंका, ‘तू ठीक आहेस ना?’ असे मेसेज तिला पाठवू नका. प्रत्यक्ष भेटा किंवा तुमच्या फोनवरून कॉल करायला द्या. लाइव्ह लोकेशन एकदम बंद करणं, पासवर्ड एकदम बदलणं यानंही तो भडकू शकतो. कधी करायचं ते तिला ठरवू द्या.

एक कोडवर्ड ठरवा. साधा, रोजच्या बोलण्यातला. ‘मराठीच्या नोट्स पाठव’ असा मेसेज आला की तुम्ही काय करायचं, हेही आधीच ठरवा. फोन करायचा, तिथं पोहोचायचं, की ११२ लावायचा?

एका फाइलमध्ये आधार कार्ड, मार्कशीट, बँक पासबुक, कॉलेज आयडी यांच्या झेरॉक्स, थोडे पैसे आणि नेहमीची औषधं. ही फाइल तिच्याकडे नको. तुमच्या कपाटात किंवा तिचा विश्वास असलेल्या माणसाकडे.

वळांचे फोटो, धमक्यांचे स्क्रीनशॉट, दवाखान्याचे कागद तारखेसकट जपून ठेवा. आज तिला तक्रार करायची नसेल, पण सहा महिन्यांनी करावीशी वाटली तर हेच कामी येतं. मात्र यातलं काहीही स्टोरीला टाकायचं नाही. ग्रुपवर नाही. नाव न घेतासुद्धा नाही.

फोटो व्हायरल करायची धमकी असेल तर पैसे, भेट असं काही कबूल न करता धमकीचा पुरावा ठेवा. केंद्र सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार करता येते. ‘स्टॉप एनसीआयआय’ ही मोफत साइट १८ वर्षांवरच्यांसाठी आहे. तिथं फोटो अपलोड करावा लागत नाही. फोटोचा एक डिजिटल ठसा तुमच्याच फोनवर तयार होतो आणि त्यात सामील असलेल्या सोशल मीडिया कंपन्या त्या ठशावरून तो फोटो अडवू शकतात.

शेजारच्या फ्लॅटमधला आवाज

सगळ्याच गोष्टी मैत्रीण येऊन सांगत नाही. काही भिंतीपलीकडून ऐकू येतात. भांडी आपटल्याचा आवाज, मग बाईचा, मग एकदम शांतता. आपण टीव्हीचा आवाज वाढवतो. ‘त्यांच्या घरचा मामला.’

डीव्ही अॅक्टचं कलम ४ इथं कामाला येतं. अशी हिंसा झाली, होतेय किंवा होऊ शकते असं वाटण्यासारखं कारण असेल, तर कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं. शेजारी, घरमालक, वर्गमैत्रीण, कुणीही. चांगल्या हेतूनं दिलेल्या माहितीसाठी कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, असं कायद्यातच लिहिलंय. मला हे माहीत नव्हतं. आमच्या वर्गात विचारलं तर बहुतेकांना नव्हतं.

२००८ मध्ये ‘ब्रेकथ्रू’ या संस्थेनं ‘बेल बजाओ’ मोहीम काढली होती. तेव्हा आपण लहान होतो, पण जाहिराती आजही बघायला मिळतात. आतून मारहाणीचे आवाज येतायत. बाहेरचा एक जण बेल वाजवतो. दार उघडलं की काहीतरी फुटकळ मागतो. बस. तो भांडत नाही, उपदेश करत नाही. पण आतल्या माणसाला कळतं, की बाहेर ऐकू जातंय. साखर मागा, वायफाय चालू आहे का विचारा, कुरिअर आलंय का विचारा. एकट्यानं जाऊ नका. आत शस्त्र असेल, जिवावर बेतेल असं वाटत असेल तर बेल नाही, थेट ११२.

पुढं पाठवायचं कुठं?

तुम्ही समुपदेशक नाही, वकील नाही. तुमचं काम तिला योग्य दारापर्यंत सोबत करणं. दारं बरीच आहेत, फक्त आपल्याला पत्ते माहीत नसतात.

१९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेनं, म्हणजे टिसनं, मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. कल्पना साधी होती. बाई पोलिसांकडे येते तेव्हा तिथंच प्रशिक्षित समाजसेविका असावी. तक्रार करायचीच असं नाही, आधी तिचं ऐकून घेणारं कुणीतरी हवं. आज असे कक्ष महाराष्ट्रात जिल्ह्याजिल्ह्यांत पोलिसांच्या आवारात चालतात. बऱ्याच शहरांत पोलिसांचे ‘भरोसा सेल’ही आहेत.

वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ संस्थेनं पंचवीसेक वर्षांपूर्वी ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं. ‘बाथरूममध्ये पडले’ असं सांगणाऱ्या बाईच्या जखमा तशा दिसत नाहीत, हे ओळखायला नर्स आणि डॉक्टरांना शिकवायचं आणि तिथल्या तिथं तिला समुपदेशकाशी जोडून द्यायचं. पुढं हे मॉडेल इतर रुग्णालयांतही गेलं. पुण्यात विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये ‘नारी समता मंच’ उभा केला. त्यांच्या समुपदेशन केंद्राचं नावच होतं, ‘बोलते व्हा’.

सरकारची ‘सखी’ वन स्टॉप सेंटर्स २०१५ पासून सुरू झाली. एकाच ठिकाणी समुपदेशन, वैद्यकीय मदत, पोलीस आणि वकिलाची मदत, तात्पुरता निवारा. संरक्षण अधिकारी महिला व बालविकास खात्याचे असतात. कोर्टात अर्ज करायला ते मदत करतात. आणि वकिलाच्या फीची भीती असेल तर हे सांगा तिला. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार कुठल्याही महिलेला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं.

पोलीस ठाण्यात ‘आमच्या हद्दीत येत नाही’ म्हणाले तर ‘झिरो एफआयआर’ म्हणा. दखलपात्र गुन्हा असेल तर कुठल्याही ठाण्यात नोंदवावा लागतो आणि मग तो योग्य ठाण्याकडे पाठवला जातो. जाताना तिच्यासोबत जा. आत बोलायचं तिनं, तुम्ही शेजारी बसायचं आणि पाण्याची बाटली धरायची.

आणि तो तुमचा मित्र असेल तर?

मुलांनो, इथपर्यंत वाचलंत ना? मग हे तुमच्यासाठी.

१९९१ मध्ये मुंबईत एका पत्रकारानं वर्तमानपत्रात छोटी जाहिरात दिली. बायकोला मारणं चूक आहे असं मानणारे आणि ते थांबवावंसं वाटणारे पुरुष हवेत, अशा अर्थाची. २०५ पुरुषांनी उत्तर पाठवलं. त्यातून १९९३ मध्ये ‘मावा’ ही संस्था उभी राहिली, ‘मेन अगेन्स्ट व्हायोलन्स अँड अॅब्युज’. हरीश सदानी आणि त्यांचे सहकारी आजही कॉलेजातल्या मुलांसोबत काम करतात.

माझ्या रूममेटच्या बॉयफ्रेंडला मित्र होते. चांगले सात-आठ. एकानं तर तिला मारताना पाहिलंही होतं. नंतर तो तिला म्हणाला, ‘‘त्याला राग लवकर येतो, तू जरा समजून घे.’’ ती म्हणते, त्या आठांपैकी एकानं जरी त्याला बाजूला घेऊन ‘हे चालणार नाही’ म्हटलं असतं ना, तर माझ्या शंभर भाषणांपेक्षा फरक पडला असता. कदाचित नसताही पडला. पण तिला कळलं असतं की आपण वेड्या नाही.

मित्राला एकटं गाठा. सगळ्यांसमोर नको. ‘तू तिचा फोन का चेक करतोस?’ एवढं विचारून बघा. जोक मारून विषय बदलेल. तुम्ही हसू नका. तेवढंही पुरतं सुरुवातीला. फक्त तिनं तुम्हाला जे विश्वासानं सांगितलं, ते त्याच्यापुढं कधीच बोलायचं नाही. त्याचा हिशेब तिला चुकवावा लागतो.

तुमचंही काहीतरी होतं

कुणाचं तरी रोज ऐकणं दमवतं. झोप उडते. ती परत त्याच्याकडे गेली की राग येतो. साहजिक आहे. तुमच्या मर्यादा तिला सांगा, ‘रात्री एकनंतर मी फोन उचलू शकले नाही तर तू अमुकला लाव.’ नाव न घेता कॉलेजच्या समुपदेशकाशी किंवा टेलिमानसवर बोला. सगळं एकट्यानं उचलायचं नाही. आणि हे वाचताना तुमच्याच घरातला आवाज आठवला असेल, तर हा अख्खा लेख तुमच्यासाठीही आहे. यात तुमची चूक नाही.

काकूंनी काय केलं?

सात महिन्यांनी माझी रूममेट बाहेर पडली. कुणाच्या मदतीनं? आमच्या मेसच्या काकूंच्या. शिक्षण म्हणाल तर सातवी. स्त्रीवाद हा शब्द त्यांनी ऐकलाय की नाही माहीत नाही.

एका रात्री ती उशिरा जेवायला गेली. ओठ फुटला होता. काकूंनी पाहिलं. ‘कुणी मारलं’ असं विचारलं नाही. वरणात तिखट कमी आहे, एवढंच सांगून ताट वाढलं. ती रडायला लागली आणि सगळं सांगून बसली. काकू शेवटी म्हणाल्या, ‘‘बाळा, तुझं काही चुकलं नाही. उद्या कितीला येशील जेवायला?’’

‘‘साडेआठ.’’

‘‘नऊपर्यंत आली नाहीस तर मी फोन करीन. उचलला नाहीस तर होस्टेलवर येईन.’’

रोज नऊला त्या घड्याळाकडे बघायच्या. दोनदा फोन केला, एकदा खरोखर होस्टेलवर आल्या. मी त्यांना गेटवर पाहिलं होतं. वाटलं, महिन्याचे पैसे मागायला आल्या असतील. तिची कागदपत्रांची फाइल चार महिने काकूंच्या पिठाच्या डब्यामागे होती. आणि ज्या दिवशी ती म्हणाली, ‘‘काकू, आता जायचं मला,’’ त्या दिवशी काकूंनी गल्ला मुलाच्या हातात दिला आणि तिच्यासोबत पोलिसांच्या महिला कक्षात दोन तास बसून राहिल्या.

हा लेख छापायला देण्याआधी तिला वाचायला पाठवला. तिनं दोन वाक्यं खोडली, मला जरा जास्तच शहाणी ठरवणारी होती. आणि खाली लिहिलं, ‘काकूंचं जेवण बेस्ट असायचं, तेही टाक.’

टाकलं.

हे नंबर आत्ताच सेव्ह करा

११२ : तातडीची मदत, पोलीस
१८१ : महिला हेल्पलाइन
७८२७१७०१७० : राष्ट्रीय महिला आयोग, २४ तास
१०९८ : १८ वर्षांखालील मुलामुलींसाठी
१५१०० : मोफत कायदेशीर मदत
१४४१६ : टेलिमानस, मनाच्या आरोग्यासाठी

तिच्या फोनमध्ये सेव्ह करायचे असतील तर आधी तिला विचारा. नाव ‘झेरॉक्सवाले’ दिलं तरी चालेल.